आता याला हात लावू नका

लॅपटॉप जेवणाच्या टेबलावर पालथा पडला होता आणि केमिस्ट त्याच्या पोटाचे स्क्रू एकेक करून चहाच्या बशीत काढून ठेवत होता. शेजारी त्याची बायको हाताची घडी घालून उभी होती. लॅपटॉप तिचा होता. मुलांच्या पुस्तकांसाठी चित्रं काढणं हे तिचं काम, आणि एका हत्तीच्या गोष्टीची सगळी चित्रं सोमवारी संध्याकाळपर्यंत प्रकाशकाकडे जायची होती. पण रंग भरायला घेतला की लॅपटॉप हँग व्हायचा आणि हत्ती अर्धा करडा, अर्धा पांढरा तसाच ताटकळत उभा राहायचा.

"अहो, दुकानात देऊ या का? तो माणूस रोज हेच करतो," बायको म्हणाली.

"रॅम बदलायला दुकान कशाला? आठ जीबीची जुनी पट्टी काढायची, सोळाची नवी बसवायची. यात काय एवढं?"

'यात काय एवढं' या तीन शब्दांना घरात सगळे वचकून होते. 'यात काय एवढं' म्हणून त्याने दुरुस्त केलेली दाराची बेल एकदा वाजली की थांबत नसे; पाहुणे आले की आधी मेन स्विच बंद करून मग त्यांना आत घ्यावं लागे. इस्त्री त्याच्या हातून बरी झाली, पण त्यानंतर ती कधी तापली म्हणून नाही. औषधांच्या दुकानात मात्र याच माणसाच्या हातावर सगळ्या वस्तीचा भरवसा होता. डॉक्टरांनाही न लागणारं डॉक्टरांचं अक्षर तो घडाघडा वाचायचा. आणि घरी त्याला कुणी साधा बल्ब बदलू देत नव्हतं. हे त्याच्या मनाला फार लागलं होतं. आज घरातली गेलेली पत परत मिळवायची, या निश्चयाने तो बसला होता.

त्याने जुनी पट्टी हळूच काढली, नवी खोक्यातून बाहेर काढली आणि दोन्ही एका स्वच्छ रुमालावर नीट मांडून ठेवल्या. एवढ्यात फोन वाजला. दुकानाचं नेहमीचं गिऱ्हाईक होतं.

"जेवणानंतर द्यायची ती गोळी," केमिस्ट फोन खांद्यात धरून म्हणाला. "नाही, नाही, तुमच्या नाही. कुत्र्याच्या जेवणानंतर."

बोलता बोलता त्याने रुमालावरची पट्टी उचलली, खाचेत तिरकी घातली आणि दाबली. खट्‌ असा आवाज झाला. झाकण लावलं, स्क्रू बसवले. एकही उरला नाही! ही या घरातली पहिलीच वेळ होती. त्याने लॅपटॉप सुलटा केला, बटण दाबलं आणि पडदा उजळला.

बायको खुर्चीवर बसली. तिने कुठेतरी काहीतरी उघडलं, क्षणभर पडद्याकडे टक लावून पाहिलं, मग नवऱ्याच्या घामेजलेल्या, आशेने फुललेल्या चेहऱ्याकडे पाहिलं.

"अगंबाई!" ती म्हणाली. "केवढा फास्ट झाला हो!"

"झाला ना?"

"पळतोय नुसता. आता फक्त एक करा. याला अजिबात हात लावू नका. छान चालतोय."

स्वयंपाकघरातून आई बाहेर आली. "मी म्हणतच होते, माझ्या पोराच्या हातात गुण आहे," ती म्हणाली. बेलचं सगळ्यात जास्त दुःख तिलाच होतं, पण आज तिने ते गिळलं. केमिस्टला अगदी भरून आलं.

त्याचा मेहुणा म्हणजे बायकोचा धाकटा भाऊ. पलीकडच्या रस्त्यावर त्याचा फोटो स्टुडिओ होता. बहीणभावांनी एकदमच, एकाच दुकानातून, एकसारखे लॅपटॉप घेतले होते, त्यामुळे ते म्हातारेही एकदमच झाले होते. बातमी कळताच तो दुपारी आपला लॅपटॉप काखोटीला मारून हजर झाला.

"दाजी, ताईची जुनी रॅम पडूनच असेल ना? पैसे वाचवायला मी तेव्हा तिच्या निम्मीच घेतली होती. फोटो उघडेपर्यंत गिऱ्हाइकाची दाढी वाढते."

"आण इकडे. यात काय एवढं?"

रुमालावर राहिलेली पट्टी केमिस्टने मोठ्या दिलाने मेहुण्याच्या लॅपटॉपमध्ये बसवून दिली. पैसे विचारल्यावर तो रागावलासुद्धा. मेहुणा पाया पडून गेला. असा शनिवार केमिस्टच्या आयुष्यात पूर्वी आला नव्हता.

संध्याकाळी बायको अंघोळीला गेली तेव्हा केमिस्ट लॅपटॉपपाशी जाऊन बसला. काही करायचं नव्हतं. आपला पराक्रम एकदा डोळे भरून पाहावा, एवढीच इच्छा. त्याने सेटिंग उघडलं. रॅमच्या पुढे आकडा होता : आठ.

त्याने चष्मा पुसला. आठच. लॅपटॉप बंद करून पुन्हा सुरू केला, तरी आठ. नवी रॅम लॅपटॉपने ओळखलीच नव्हती! बिचारी बायको त्याच्यावर विश्वास ठेवून नसलेल्या वेगाचं कौतुक करत बसली होती. तिला सांगावं? आणि आई? आणि पाया पडून गेलेला मेहुणा? छे! कुणाला कळायच्या आत हे गुपचूप निस्तरायला हवं होतं.

त्याने घाईघाईने स्क्रू काढले, पट्टी उपसली, बायकोच्या खोडरबराने तिचे पितळी दात घासले, फुंकर मारली आणि पुन्हा बसवली. आठ. न्हाणीघरातलं पाणी थांबलं, तसे स्क्रू लावून तो सोफ्यावर जाऊन वर्तमानपत्र वाचू लागला.

"अहो, पेपर उलटा आहे," बायको म्हणाली. मग तिची नजर टेबलावर गेली. "तुम्ही लॅपटॉपला हात नाही ना लावला?"

"मी? मी कशाला लावू? छान चालतोय ना?"

"छानच चालतोय," ती घाईने म्हणाली. "म्हणून तर म्हणते."

रविवारी सकाळी देवच पावला. बायको खांद्याला पिशवी लावून म्हणाली, "भावाकडे जाऊन येते. बरेच दिवस निवांत बोलणं नाही झालं."

"जा, जा. अगदी सावकाश ये," केमिस्ट म्हणाला. उद्या चित्रं द्यायची असताना ही भावाकडे निवांत बोलायला का जाते, हा प्रश्न त्याला पडायला हवा होता. पण आनंदाच्या भरात तो पडला नाही. ती जिना उतरते न उतरते तोच लॅपटॉप पुन्हा पालथा झाला आणि रॅम विकणाऱ्या दुकानदाराला फोन लागला.

"तुम्ही मला सोळा सांगून आठाची पट्टी दिलीत!"

"असं कसं होईल साहेब? पट्टीवरचं लेबल वाचा ना. बारीक अक्षरात आकडा असतो."

"लेबल?" केमिस्ट उसळला. "लेबल वाचायला तुम्ही मला शिकवणार? अहो, माझा जन्म गेला लेबलं वाचण्यात! मी माझ्या हाताने नवी पट्टी बसवली आहे. लेबल कसलं वाचू?"

"बरं, राहिलं. मग बॅटरी काढा, नुसत्या चार्जरवर चालू करा आणि सिस्टिम अपडेट करून बघा. पण मध्ये बंद पडू देऊ नका हं, नाहीतर पंचाईत होईल."

केमिस्टने तसं केलं. पडद्यावर एक गोल फिरू लागला आणि खाली सूचना आली : कृपया लॅपटॉप बंद करू नका. तो श्वास रोखून त्या गोलाकडे पाहत बसला. दुपार कलली, आईचा चहा झाला, गोल फिरतच होता. तेवढ्यात बेल वाजली. आणि वाजतच राहिली.

"सूनबाई आली वाटतं," म्हणत आई नेहमीच्या सवयीने उठली आणि मेन स्विचकडे गेली.

"आई, नको!" केमिस्ट किंचाळला. पण बेलच्या त्या ठणाण्यात कुणाला काय ऐकू येणार? खटका पडला. बेल थांबली, पंखा थांबला आणि लॅपटॉपचा पडदा काळाठिक्कर पडला.

बायको आत आली तेव्हा केमिस्ट लॅपटॉपवर पालथा पडल्यासारखा बसला होता.

"काय झालं हो?"

"काही नाही. तू आज किती छान दिसतेयस!"

बायको जागच्या जागी थबकली. "ताप आहे का तुम्हाला?" तिने त्याच्या कपाळाला हात लावला. लॅपटॉप मात्र तिने उघडून पाहिला नाही. "आज दमले बाई, उद्याच बघते," म्हणत ती आत गेली. केमिस्टने मनातल्या मनात देवाला हात जोडले, बॅटरी बसवली आणि डोळे मिटून बटण दाबलं. लॅपटॉप बापडा सुरू झाला. काहीही बिघडलं नव्हतं. काहीही सुधारलंही नव्हतं. आठ.

सोमवारी सकाळी तो पडेल चेहऱ्याने दुकानात निघाला. "मी आज घरीच बसून चित्रं संपवते," बायको म्हणाली. "इतका फास्ट आहे ना आता, वेळच लागणार नाही." तिचा एकेक शब्द त्याला टोचत होता. संध्याकाळी लॅपटॉप ऐन वेळी हँग होणार, चित्रं अडकणार, मग सगळं उघडकीला येणार. बेल आणि इस्त्रीच्या रांगेत आता लॅपटॉप जाऊन बसणार.

दुकानात खोकल्याच्या औषधाचा नवा माल आला होता. मन थाऱ्यावर नसलं तरी हात आपलं काम करत होते. फळीवरच्या जुन्या बाटल्या त्याने पुढे ओढल्या, नव्या त्यांच्या मागे लावल्या. औषधाच्या दुकानाचा हा पहिला धडा : जुना माल पुढे, नवा मागे, आणि उचलायचं नेहमी पुढचं. तेवढ्यात एका बाईंनी तेच औषध मागितलं. त्याने न बघता पुढची बाटली उचलली, आणि त्याचा हात हवेतच राहिला.

शनिवारचा रुमाल त्याच्या डोळ्यांसमोर आला. जुनी पट्टी पुढे, नवी मागे! आणि फोनवर कुत्र्याच्या जेवणाची वेळ सांगता सांगता त्याने जी उचलली ती... पुढची.

"अहो, देताय ना बाटली?" बाई म्हणाल्या.

"जुनीच बसवली!" केमिस्ट म्हणाला.

"जुनी? मग मला नको बाई. नवीतली द्या."

त्याने बाईंना बाटली दिली, दुकान नोकराच्या हवाली केलं आणि तडक मेहुण्याचा स्टुडिओ गाठला. नवी रॅम मेहुण्याच्या लॅपटॉपमध्ये होती. काहीतरी निमित्त सांगून ती काढून घ्यायची, जेवायच्या सुट्टीत घरी जाऊन बसवायची. कुणाला पत्ता लागायचं कारण नव्हतं.

मेहुणा काउंटरवर होता. दाजींना पाहताच त्याचा चेहरा उतरला आणि तो लगबगीने आतल्या खोलीच्या पडद्यासमोर जाऊन उभा राहिला.

"दाजी! तुम्ही? या वेळी?"

"तुझा लॅपटॉप दे जरा. त्या रॅममध्ये मला थोडा दोष वाटतोय."

"दोष? काय बोलताय! शनिवारपासून विमानासारखा उडतोय. तुमच्या जुन्या रॅमची सर नवीला नाही येणार."

"तेच तर म्हणतोय. इतकं चांगलं नाही. दे."

"आत्ता नाही देता येणार. आत गिऱ्हाईक आहे."

"गिऱ्हाईक लॅपटॉपवर बसलंय?"

मेहुण्याने घाम पुसला. तेवढ्यात पडद्यामागून आवाज आला, "अरे, जरा येऊन बघ ना. हत्तीचा करडा जास्त गडद झाला का?"

आवाज ओळखीचा होता. आणि हत्तीही. केमिस्टने पडदा बाजूला सारला. मेहुण्याच्या लॅपटॉपसमोर त्याची बायको बसली होती आणि स्क्रीनवर हत्ती पूर्ण रंगून, सोंड वर करून उभा होता.

"तू तर घरी होतीस ना?"

"आणि तुम्ही दुकानात होतात ना?"

बायकोने माऊस बाजूला ठेवला. शेवटी बायकोच बोलली. "तो आठचा आकडा मी शनिवारीच पाहिला होता. बटण दाबल्यावर पहिल्यांदा तेच उघडलं मी."

"मग फास्ट झाला म्हणालीस ते?"

"नाही झाला म्हटलं असतं, तर तुम्ही तो परत उघडला असता. मला चित्रं द्यायची होती हो! आणि खरं सांगू? तुमचा चेहरा इतका खूश होता की माझ्याच्याने बोलवेना. आईंनापण मीच डोळ्याने खुणावलं. मग काल पेन ड्राइव्हमध्ये चित्रं घेऊन इथे येऊन बघते तर याचा लॅपटॉप नुसता धावतोय. आपल्या जुन्या रॅममध्ये एवढा दम होता, हे काही मला समजत नाही."

केमिस्टला आधी लाज वाटली, मग बायकोबद्दल फार माया वाटली, आणि त्या भरात त्याने रुमाल, कुत्र्याची गोळी, खोकल्याच्या बाटल्या, सगळं सांगून टाकलं. बायको आधी ओठ दाबून ऐकत होती. 'पुढची उचलली' ऐकल्यावर मात्र तिला राहवेना. ती हसता हसता टेबलावर कोसळली.

"म्हणजे नवी रॅम माझ्यात आहे?" मेहुणा हिरमुसला. "मग आता काढून घेणार?"

"नुसती काढायची कशाला?" केमिस्ट पुढे सरसावला. खिशातला स्क्रूड्रायव्हर त्याच्या हातात आलाही होता. "चित्रं पाठवून होऊ दे, दोन्ही उघडतो, अदलाबदल करतो. यात काय..."

"थांबा!" बायकोने लॅपटॉप दोन्ही हातांनी छातीशी धरला. "लॅपटॉप सारखेच आहेत ना? हा मी नेते, घरचा याला देते. दोघांनी आपापल्या फाइली इकडच्या तिकडे केल्या की झालं. एकही स्क्रू काढायचा नाही."

तेच ठरलं. चित्रं वेळेच्या आत प्रकाशकाकडे गेली. तिथून निरोप आला की हत्ती फारच देखणा झालाय. केमिस्टने स्क्रूड्रायव्हर मुकाट्याने खिशात ठेवला. आपली कारकीर्द संपली, हे त्याला कळून चुकलं.

"ते सगळं ठीक आहे," मेहुणा डोकं खाजवत म्हणाला, "पण मग स्लो लॅपटॉप माझ्याकडे आला की! मलाही आता सोळाची नवी रॅम घ्यावी लागणार. दाजी, ती तुम्हीच बसवून द्याल ना? तुम्ही बसवली ती केवढी छान चालतेय!"

केमिस्टने चोरट्या नजरेने बायकोकडे पाहिलं. तिने आता आपला झालेला लॅपटॉप पिशवीत घातला, चेन लावली, पिशवी खांद्याला अडकवली आणि तिच्यावर हात दाबून धरत म्हणाली,

"बसवा की! याचा तुम्ही खुशाल उघडा."