नत्थूजींनी लावलेली जोड

तिरडी उचलण्यापूर्वी खांदेकऱ्यांना थांबवून त्यांच्या जोड्या बदलणारा मनुष्य मी आयुष्यात एकच पाहिला. आमच्या तुमसरात कोणी वारले की नत्थूजी अंगणाच्या कडेला उभे राहत, चौघांना नखशिखांत न्याहाळत आणि हलकेच म्हणत, "तू बासष्ट किलोचा, अन् तुह्या बाजूचा अठ्ठ्याहत्तरचा. बुढा एका अंगावर येईन नं! तू मांगं जा, भाऊ." नातलग रागाने पाहत; पण जोडी बदलल्यावर तिरडी समतल चाले, हेही मला मान्य केले पाहिजे.

राईस मिलच्या काट्यावर तीस वर्षे काढल्यामुळे त्यांची नजर अशी झाली, असे लोक सांगतात. चूक. ती नजर त्यांनी फौजेतून आणली. तेथे ते पलटणीच्या मुष्टियोद्ध्यांच्या जोड्या लावत. स्वतः ते छप्पन्न किलोंचे; परंतु कोणाचा ठोसा कोठून निघणार, हे त्यांना तो निघण्यापूर्वी दिसे. "पाय पाहा, पाय! हात खोटा बोलते," हे त्यांचे पालुपद.

दिवाळीनंतर आमच्या झाडीपट्टीत गावोगाव मंडई, म्हणजे जत्रा, भरते. कोठे दंडारीचा नाच, कोठे नाटक. आंधळगावच्या वाटेवरील एका गावात मात्र दुपारी बॉक्सिंग होते. ते एका पुढाऱ्याने सुरू केले, असे हल्ली भाषणांतून ऐकू येते. तेही चूक. चार बांबू आणि बैलगाडीचा दोर घेऊन ते नत्थूजींनी सुरू केले. त्या दोराला मी स्वतः गाठी मारल्या आहेत.

त्या काळी मी हायस्कुलात भूगोल शिकवत असे आणि माझे वजन एकशे एक किलो होते. साठ-सत्तर किलोंचे गडी प्रत्येक गावात मिळत. शंभरीचा मिळत नसे. मिळालाच तर तो हलवाई असे आणि ग्लोव्हज पाहताच त्याला घाम फुटे. तीन मंडया मी पिशवीत ग्लोव्हज घेऊन गेलो आणि तसेच परत आणले. एकदा मी चिडून म्हणालो, "एखादा ऐंशीचा तरी द्या!"

"देतो नं," नत्थूजी म्हणाले, "पण मंग ते बॉक्सिंग नाई, मास्तर. ते तुमच्या शाळेतली छडी होईन."

चौथ्या वर्षी त्यांनी पवनीचा सुदाम आणला. वैनगंगेत डोंगा चालवणारा, सत्त्याण्णव किलोंचा, लाजाळू गडी. पहिली फेरी मी सहज जिंकली. दुसऱ्या फेरीत त्याने अकस्मात पाय बदलले. डावा पाय मागे, उजवा पुढे. सगळा मनुष्यच आरशात उलटा व्हावा तसा. जेथे त्याचे नाक असावयास हवे तेथे माझा ठोसा बिनचूक पोहोचला. नाक मात्र तेथे नव्हते. मी नवा हिशेब जुळवतो न जुळवतो तोच त्याने पाय पुन्हा बदलले. मी गुणांवर हरलो.

सुदाम त्यानंतर पाच वर्षे येत राहिला. आमची बरोबरी पुढे तीन-तीनची झाली, आणि लढतीनंतर त्याच्या घरच्या मासोळीवर मी किती भात खात असे, ते येथे सांगत नाही.

पण गाव त्या पहिल्या लढतीला चिकटून बसले. म्हणे, नत्थूजींनी मास्तरांना दगा दिला. आठ रविवार पवनीला गुपचूप जाऊन त्यांनी सुदामला पवित्रा बदलण्यास शिकवले! ही कथा मी सलूनमध्ये खोडून काढली, लग्नाच्या पंगतीत खोडून काढली, एकदा तर दाढदुखी असताना दवाखान्यातही खोडून काढली. लोकांना वाटे, आपण मास्तरांचे सांत्वन करत आहोत. मला सांत्वन नको होते. मी माझ्या जड पायांमुळे हरलो. ती हार माझी स्वतःची आहे, आणि तिच्यावर दुसऱ्या कोणाचे नाव लागलेले मला खपत नाही.

यंदा हे प्रकरण विकोपास गेले. मंडईच्या नव्या समितीचा सचिव प्रशांत हा माझाच माजी विद्यार्थी. त्याने जाहीर केले की जोड्या आता वजन पाहून मोबाईलवर लागतील आणि दगा देणारा म्हातारा टेबलावर बसणार नाही. नत्थूजींनी ऐंशी ओलांडली आहे. घरी दुसरे कोणी नाही. वर्षातून त्या एका दिवशी ते इस्त्रीचा सदरा घालतात. मी प्रशांतकडे गेलो. तो म्हणाला, "काका, हारले तुमी होते. बैठकीत तुमी सांगा, दगा नोहता म्हून. मंग आमचं काई म्हणणं नाई."

एवढेच ना? मी पुराव्यासाठी नत्थूजींकडे गेलो. ते खाटेवर वालाच्या शेंगा सोलत होते.

"पवनीला तुम्ही नात्यात जात होता, एवढे मला सांगा. बाकी मी पाहून घेतो."

"पवनीले माहं कोणी नाई, मास्तर."

"मग?"

"सुदामले शिकवाले जात होतो."

"नत्थूजी! मी तीस वर्षे गावाशी भांडत आलो आहे!"

"भांडा नं. तुमाले आवडते."

"पवित्रा बदलणे तुम्ही शिकवलेत?"

"हाव. वल्हं मारणारा माणूस, दोन्ही हात सारखे. तुमी डावा पाय कसा रोवता, थे मी सोता तुमच्यासारखा उभा राहून दाखवलं त्याले. दोन फासोळ्या गेल्या माह्या."

"काहून?" मी ओरडलो. पस्तीस वर्षे वर्गात जपलेली माझी शुद्ध भाषा त्या एका शब्दात गेली.

त्यांनी शेंगांचे सूप बाजूला ठेवले.

"तीन मंडया तुमी पिशवी आणली अन् पिशवी नेली. मले पाहवे नाई. सुदाम भेटला, पण त्यानं कधी मार खाल्ला नोहता. पयल्याच खेपेले हारला असता त परत आला नसता. शंभरीचा माणूस एक गेला, दुसरा कुठून आणू? मंग तुमाले कोण होतं?"

"म्हणून मला हरवलेत?"

"तुमी हारून परत याल, थे मले माहीत होतं, मास्तर. त्याचं माहीत नोहतं."

बैठकीत प्रशांतने विचारले, "बोला काका, झाला होता का दगा?"

मी उभा राहिलो. तीस वर्षांत प्रथमच माझ्याजवळ खंडन तयार नव्हते.

"झाला होता," मी म्हणालो. "सुदामला नत्थूजींनीच शिकवले, माझ्यापासून लपवून. मी आजवर तुम्हा सर्वांना चुकीचे सांगत आलो."

मी प्रशांतकडे वळलो.

"त्यामुळे सुदाम परत आला आणि पुढची पाच वर्षे मला जोड मिळाली. तुमच्या मोबाईलमध्ये वजन दिसते, प्रशांत. हरल्यावर परत कोण येईल, हेही त्यात दिसत असेल, तर नत्थूजींना खुशाल घरी बसवा."

प्रशांतने मोबाईल खिशात घातला. मग म्हणाला, "त्याईले दुपारी एक वाजता या म्हणा. खुर्ची ठेवतो."

मंडईच्या दिवशी मी नत्थूजींच्या शेजारी बसलो. काटा बाजूलाच होता. त्यांनी त्याच्याकडे पाहिलेही नाही. येणाऱ्या प्रत्येकाला ते एकच विचारत होते, "मांगच्या खेपेले हारला होता नं? मंग घरी जाऊन काय केलं?" कोणी म्हणे, झोपलो. कोणी म्हणे, बापाशी भांडलो. एक दांडगा, खाली मान घातलेला जवान पुटपुटला, "दोन दिस जेवलो नाई, जी." नत्थूजींनी त्याच्यासमोर लिहिलेले नाव खोडले आणि तेथे दुसरे घातले.

ज्याचे नाव घातले, तो पलीकडे उभा होता. उंच, ताठ, पंचांशी आधीच हुज्जत घालत असलेला; हरला तरी पुढच्या वर्षी भांडायला परत येणारा. आपल्याला का निवडले, हे त्याला कोणी सांगणार नव्हते. मी उठलो, त्याच्याजवळ गेलो आणि त्याच्या ग्लोव्हजच्या दोऱ्या नीट आवळून बांधल्या.