उर्वरित ग्राहक

आमच्या इमारतीतले एक वगळता सर्व रहिवासी एका आरोग्य-अर्काचे अधिकृत वितरक होते, ही बाब सुरुवातीलाच नोंदवतो. वगळलेला तो एक म्हणजे मी.

अर्काच्या बाटलीवर 'नव्व्याण्णव टक्के नैसर्गिक' असं छापलेलं होतं. पाणी नैसर्गिकच असतं, त्यामुळे कंपनीला खोटं पाडता येईना. खाली 'शास्त्रज्ञांनी तपासलेले' असंही होतं. तपासून ते काय म्हणाले, यासाठी लेबलावर जागा उरली नसावी. गुडघे, केस आणि आत्मविश्वास या तिन्हींवर अर्क सारखाच गुणकारी होता.

योजना सरळ होती. आपण दोघांना वितरक करायचं, त्यांनी आणखी दोघांना. बघता बघता सगळेच विकणारे झाले आणि घेणारा कुणी उरला नाही. वरच्या मजल्यावरचे दंतवैद्य पेशंटचं तोंड उघडं असतानाच योजना समजावत, म्हणजे नाही म्हणायची सोय नाही. त्यांचेही पेशंट संपले.

मग सगळ्यांचं लक्ष माझ्याकडे वळलं. बायको गेल्यापासून माझं दार कचरेवाल्याशिवाय कुणी वाजवलं नव्हतं, तिथे रांग लागली. ओढाताण नको म्हणून सोसायटीने रीतसर बैठक घेऊन 'उर्वरित ग्राहकाचे न्याय्य वाटप' हा ठराव एकमताने मंजूर केला. सोमवार दंतवैद्यांना, मधले वार शेजारच्या वहिनींना, रविवार माझ्या सख्ख्या पुतण्याला, रक्ताचं नातं म्हणून.

दंतवैद्य माझ्याशी बुद्धिबळ खेळत आणि इमानेइतबारे हरत. वहिनी डबा आणत. पुतण्या माझ्या नोकरीतल्या त्याच त्या गोष्टींना दर वेळी नव्याने हसे. मी प्रत्येकाला विचार करून सांगतो म्हणायचो. मला लोभ सुटला होता. अर्काचा नव्हे, माणसांचा.

एका रविवारी वहिनी वार नसताना आल्या. चेहरा पार उतरलेला.

"भाऊजी, तुम्ही माझ्या हाताखाली वितरक झाला नाहीत तर माझं 'हिरा' पद जातंय," त्या डोळे पुसत म्हणाल्या. "सासरी मी सगळ्यांना सांगून बसलेय हो."

मला राहवलं नाही. सही करून टाकली.

सोमवारी मी पट मांडून बसलो. चहा गार झाला, तरी दंतवैद्य आले नाहीत. शेवटी मीच जिना चढून गेलो. त्यांनी दार अर्धंच उघडलं.

"काका, आता तुम्ही आमच्यातलेच झालात," ते अगदी मनापासून म्हणाले. "मग येण्यासारखं काय राहिलं?"

वहिनी त्या दिवसापासून कामात आहेत. पुतण्याने फोनवर कळवलं, की रविवार त्याला नवीन माणसांसाठी राखून ठेवावा लागतो. खूप वाईट वाटलं. पण नियमाप्रमाणे दोन माणसं मलाही जोडायची आहेत.

ते असो. एवढं मात्र नमूद करतो, की माझं बोलणं मध्ये न तोडता इथवर ऐकून घेणारं माणूस बऱ्याच दिवसांनी भेटलं. स्वभावाने भले दिसता. राहता कुठे तुम्ही? सहज येऊन जाईन. हातात बाटली दिसली, तर तिच्याकडे लक्ष देऊ नका.