दिघ्यांच्या नावापुढची सही

जयवंत पेडणेकरला टायपिंगचा कंटाळा आला, एवढंच खरं तर घडलं. पुढे त्यापायी सिल्वासाच्या जमीन-मोजणी कचेरीतल्या धडधाकट पुरुषांनी एकट्याने परसाकडे जायचं सोडलं, एकाने दंडाला काळा दोरा बांधला, आणि खुद्द जयवंतचा संसार मोडता मोडता राहिला. पण सुरुवात कंटाळ्याने झाली. (जयवंतच्या बहुतेक गोष्टींची तशीच होते.)

साल त्रेसष्ट. आठ महिन्यांपूर्वी जयवंत अलिबागहून बदलून इथे आला, तेव्हा बायकोला मागेच ठेवून आला. ‘आधी मी जाऊन बघतो, मग तुला नेतो,’ असं म्हणून गेलेला माणूस आठ महिने बघतच बसला. शेवटी शैलजाचं पत्र आलं. पत्र कसलं, नोटीसच ती. ‘तेरा तारखेला शुक्रवारी येत आहे. चार दिवस राहीन. गाव बघेन, तुम्हाला बघेन आणि मग ठरवीन. इथल्या शाळेत मला मास्तरणीची जागा मिळते आहे. मन रमण्यासारखं तिकडे काही नसेल तर मी ती घेईन. मग तुम्ही तिकडे, मी इकडे.’

जयवंतने पत्र दोनदा वाचलं. बायकोवर त्याचं प्रेम होतं. ते त्याने तिला कधी सांगितलं नव्हतं ही गोष्ट वेगळी. आता मन रमवायला सिल्वासात दाखवायचं काय? बाजाराची एक गल्ली, पोर्तुगीज मागे ठेवून गेले ते चर्च आणि दमणगंगेचा काठ. अर्ध्या तासात सगळं गाव संपायचं, आणि उरलेले सगळे दिवस शैलजा त्याच्याकडे बघत बसायची. तेवढी धास्ती पुरे होती. म्हणून त्याने ठरवलं, दुसऱ्या शनिवारची सुट्टी आहे, रविवार जोडून आहे, कचेरीतल्या दोस्तांना घेऊन जव्हारकडचा दाभोसा धबधबा गाठायचा. पावसाळ्याच्या अखेरीला तो ऐन भरात असतो. एवढं पाणी एवढ्या उंचावरून पडताना बघितल्यावर कोणती बाई नाही म्हणेल?

कचेरीत कुठलीही गोष्ट करायची म्हणजे पत्रक काढायचं, ते शिपायाच्या हाती टेबलाटेबलावर फिरवायचं, आणि ज्याने त्याने आपल्या नावापुढे सही ठोकायची, असा रिवाज. साहेबाच्या घरच्या सत्यनारायणाचंसुद्धा पत्रक फिरायचं. खाजगी पत्रक म्हणून जयवंत स्वतःच टाईप करायला बसला तर टेबलाच्या खणात, खालच्या बाजूला, त्याला एक जुनी कार्बन कॉपी सापडली. ‘दाभोसा धबधबा, सहल. जे येणार असतील त्यांनी नावापुढे तसे लिहावे.’ गेल्या वर्षीची. आयती! त्याने वरची तारीख खोडून नवी घातली आणि कागद शिपायाच्या हाती दिला. खालची नावं त्याने वाचली नाहीत. पत्रकाला खाली नावं असतात, ती असायचीच. वाचायची काय?

कागद दुसऱ्या दिवशी दुपारी परत आला. शिपाई जान्या तो टेबलावर ठेवून तसाच आपल्या गावी, सुरंगीला, शेतीच्या रजेवर निघून गेला.

जयवंतने सह्या मोजल्या. चार. आपण धरून पाच. त्याने खुशीत ‘पाच’ असं लिहूनही टाकलं आणि मग त्याचा हात थांबला, कारण साहेब आणि शिपाई सोडले तर कचेरीत माणसंच चार होती.

हेडक्लार्क गजानन सामंत. नकाशे काढणारा दत्तात्रय राऊळ. टायपिस्ट मधुकर. आणि तो स्वतः. मग पाचवा कोण?

त्याने यादी वरून वाचली. पहिलंच नाव होतं रघुनाथ दिघे. आणि त्यापुढे निळ्या-काळ्या शाईत, ठसठशीत अक्षरात लिहिलं होतं, ‘येतो.’ खाली सहीचा एक फराटा.

रघुनाथ दिघे गेल्या दसऱ्याच्या आधीच तापाने वारले होते. जयवंत त्यांच्याच जागेवर आला होता. त्यांच्याच टेबलावर बसत होता, त्यांच्याच सरकारी क्वार्टरमध्ये राहत होता.

दुपारचे तीन वाजले होते. कचेरीत इतकं शांत होतं की भिंतीवरच्या घड्याळाचा लंबक नको तेवढा ऐकू येत होता. बाहेर ऊन होतं, आणि तरी जयवंतच्या मानेवर कुणीतरी ओला हात ठेवल्यासारखं झालं. त्याने मागे बघितलं नाही. (बघायची इच्छा नव्हती असं तो नंतर सांगायचा. मान वळतच नव्हती हे खरं.)

‘‘सामंतसाहेब,’’ तो म्हणाला. आवाज त्याचा नव्हताच.

सामंत आले, कागद बघितला आणि समोरच्या स्टुलावर बसले. ते वेंगुर्ल्याचे. भुताखेतांच्या बाबतीत कुणाचं ऐकून घेणारे नव्हेत.

‘‘देवा रवळनाथा! आला म्हणायचा.’’

‘‘कोण आला?’’

‘‘मी बोलावला, म्हणून आला,’’ सामंत म्हणाले आणि त्यांनी कपाळाला हात लावला. ‘‘अरे, ही सहल दिघ्यानेच काढली होती. अकरा वर्षं नोकरी केली, धबधबा बघायचं एकच वेड. शेवटी रजा मंजूर झाली आणि त्याच आठवड्यात हा तापाने पडला. दहाव्याला दमणगंगेवर आम्ही सगळे होतो. पिंड ठेवला. कावळा शिवेना! झाडावर सात-आठ बसलेले, पण एक खाली उतरेल तर शपथ. भाऊ म्हणाला, मुलांचं बघतो. नाही. मधुकर म्हणाला, पेन्शनचे कागद मी पुरे करतो. नाही. दुपार टळली. शेवटी मी हात जोडले आणि म्हटलं, रघुनाथराव, पुढल्या वर्षी सहल निघाली की तुमचं नाव यादीत पहिलं!’’

‘‘मग?’’

‘‘झडप घातलीन मेल्याने! अख्खा पिंड उचलला.’’

दत्तात्रय आणि मधुकर एव्हाना जवळ येऊन उभे होते. सहलीची तारीख पितृपक्षातली होती, हे चौघांच्याही एकाच वेळी ध्यानात आलं.

‘‘कुणीतरी थट्टा केली असेल,’’ दत्तात्रय चाचरत म्हणाला. तो नकाशे काढणारा, पुरावा मागणारा माणूस.

‘‘अक्षर ताडून बघू,’’ सामंत म्हणाले. त्यांनी कपाटातून जाडजूड मोजणी रजिस्टर काढलं. पुठ्ठ्यावर नाव, ‘र. दिघे’. मधलंच एक पान उघडलं आणि पत्रक शेजारी धरलं. जयवंत दाराशी उभा राहिला. पळायची वेळ आलीच तर आपण पुढे असावं, एवढाच त्यात हेतू.

दत्तात्रयने एकेका अक्षरावरून बोट फिरवलं.

‘‘तोच ‘य’,’’ दत्तात्रय हळूच म्हणाला. ‘‘तीच मात्रा, कोयत्यासारखी. शाईसुद्धा तीच.’’

मधुकरने तिथल्या तिथे जानव्याला हात घातला.

सहल रद्द करावी असं जयवंतने सुचवून बघितलं. सामंत उखडले. ‘‘रद्द? माणूस येतो म्हणून लिहून देतो आणि आपण रद्द करणार? मग तो जाणार कुठे? इथेच बसणार! तुझ्या टेबलावर!’’ जयवंतने टेबलाकडे बघितलं. शिवाय त्याच्या घरात कुणाचं वास्तव्य आहे हे शैलजाला कळलं, तर ती चार दिवस कसली, चार तास राहणार नव्हती. तेव्हा ठरलं, की दिघ्यांना न्यायचं. मानाने न्यायचं. धबधबा दाखवायचा आणि तिथेच नारळ देऊन निरोप घ्यायचा. आणि बायकांपैकी कुणाला, निदान पेडणेकरवहिनींना तरी, यातलं अक्षर कळू द्यायचं नाही.

त्यानंतरचे चार दिवस जयवंतने कसे काढले ते त्याचं त्यालाच ठाऊक. कचेरीत तो खुर्चीच्या कडेवर बसू लागला, उरलेली जागा मोकळी सोडून. घरी आंघोळीला जाताना ‘‘मी जरा आत जातो हं,’’ असं मोठ्याने सांगून जाऊ लागला. रोज सकाळी खिडकीत एक कावळा येऊन बसायचा आणि मान वाकडी करून त्याच्या चहाकडे बघायचा. जयवंत त्याला अर्धी चपाती द्यायचा आणि ‘‘शनिवारी निघतोय आपण,’’ असं अदबीने सांगायचा. दिघ्यांची जुनी छत्री खुंटीवर टांगलेली होती. तिला हात लावायची त्याची छाती झाली नाही.

शुक्रवारी तिन्हीसांजेला वापीहून येणाऱ्या बसमधून शैलजा उतरली. आठ महिन्यांनी बघितल्यावर जयवंतला इतकं भरून आलं, की तो ‘‘आलीस?’’ एवढंच म्हणाला. तिने घर बघितलं, भिंती बघितल्या, त्याचा उतरलेला चेहरा बघितला.

‘‘अहो, तुम्ही दारात शिरताना कुणाला वाट देता?’’

‘‘मी? छे! दाराची उंबरठ्याला सवय नाही,’’ जयवंत काहीतरी बोलला.

थोड्या वेळाने दिवा लावून तो वळला, त्याची नजर खुंटीकडे गेली आणि त्याची बोबडी वळली. छत्रीच्या टोकातून पाणी ठिबकत होतं. खाली थारोळं साचलं होतं.

‘‘शैलजा! ती... ती ओली आहे!’’

‘‘असणारच. तुम्ही दिवा लावत होता तेवढ्यात सर आली. मी विहिरीवरून पाणी आणलं, तेव्हा मीच नेली होती,’’ ती म्हणाली आणि त्याच्याकडे बारकाईने बघू लागली. ‘‘तुम्हाला बरं नाही का? इथली हवा मानवत नाही वाटतं. मग मी तरी कशाला राहू?’’

शनिवारी पहाटेपासून नदीवरून धुकं चढत होतं. समोरचं चिंचेचं झाड अर्धंच दिसत होतं, वरचा अर्धा भाग नव्हताच. त्यातून अथालच्या एका ठेकेदाराची जुनी स्टेशन वॅगन घरघरत आली आणि दारात थांबली. मागे सामंत, त्यांच्या पत्नी सुमनवहिनी, दत्तात्रय आणि मधुकर असे चौघे दाटीवाटीने बसले होते. सगळ्यांचे चेहरे मयताला निघाल्यासारखे. ड्रायव्हर रमणभाईच्या शेजारची पुढची सीट रिकामी होती, तिच्यावर पांढरा टॉवेल अंथरला होता, आणि टॉवेलवर नारळ, विड्याची पानं आणि केळीच्या पानात बांधलेला दहीभात.

‘‘केटला माणस, साहेब?’’ रमणभाईने विचारलं.

‘‘सहा,’’ दत्तात्रय म्हणाला.

‘‘सात,’’ सामंत गंभीरपणे म्हणाले. रमणभाईने धुक्यात इकडेतिकडे बघितलं आणि काच वर केली.

शैलजा आली, तिने पुढचं दार उघडलं, नारळासकट सगळं मांडीवर घेतलं आणि टॉवेलवर सरळ बसली.

गाडीत एकच किंकाळी उठली. तीत मधुकरचा आवाज सगळ्यात वर होता.

‘‘वहिनी, उठा! तिथे दिघे आहेत!’’

‘‘कोण दिघे?’’

आता लपवून उपयोग नव्हता. सामंतांनी सगळं सांगितलं, रजेपासून कावळ्यापर्यंत, आणि ज्या घरात ती काल झोपली ते घर कुणाचं हेही सांगितलं. जयवंत बाहेर रस्त्यावर उभा होता. त्याने डोळे मिटून घेतले. संपलं, त्याला वाटलं. आता ही ट्रंक घेऊन सरळ वापीची बस धरणार. त्या क्षणी त्याला दिघ्यांची भीती मुळीच वाटली नाही. तिच्याशिवाय त्या घरात परत शिरायचं, याची वाटली.

‘‘तो कागद बघू,’’ शैलजा म्हणाली.

सामंतांनी पत्रक दिलं. पुरावा असावा म्हणून आणलेलं रजिस्टरही दिलं. तिने एकदा कागद बघितला, एकदा रजिस्टरचं पान.

‘‘या पानावर तारीख यंदाच्या मेची आहे. मे महिन्यात तुमचे दिघे होते का?’’

सामंत बोटांवर महिने मोजू लागले.

‘‘पुठ्ठ्यावर त्यांचं नाव असेल. आतलं अक्षर ह्यांचं आहे. आणि हे ‘येतो’सुद्धा ह्यांचंच.’’

‘‘मी? मी कशाला सही करू? पत्रक मीच काढलं!’’ जयवंत ओरडला.

‘‘जेवल्यानंतर आलं होतं का?’’

जयवंत आठवू लागला. जेवल्यानंतर जान्या रोज कागदांचा गठ्ठा आणून ठेवतो. जेवल्यानंतर डोळे जड झालेले असतात. पहिली मोकळी ओळ दिसली की तिथे सही करायची, असा आपला परिपाठ आहे.

तो धोतराचा सोगा नीट करू लागला.

‘‘झोपेत लिहिलं तरी मी ओळखीन,’’ शैलजा म्हणाली. ‘‘आठ महिन्यांत ह्यांची अकरा पत्रं आली. प्रत्येकाच्या शेवटी हेच. होळीला येतो. पाडव्याला येतो. आंबे संपायच्या आत येतो. गणपतीला तर नक्की येतो. प्रत्येक वेळी मी पाटरांगोळी करून बसायची. एकदा तरी आले असतील तर विचारा.’’ बोलता बोलता तिचा आवाज एकदम ओला झाला. गाडीत कुणाला कुठे बघावं कळेना.

सामंतांनी घसा खाकरला. ‘‘वहिनी, दिघे वारले नसते तर खरंच आले असते हो. शब्दाचा माणूस.’’

‘‘शैलजा,’’ जयवंत कसाबसा म्हणाला, ‘‘तू अलिबागची नोकरी...’’

‘‘नाही घेत,’’ ती डोळे पुसत म्हणाली. ‘‘ठरलं माझं. पत्रातून ह्या माणसाचा भरवसा नाही. डोळ्यांसमोर ठेवलेला बरा. मी इथेच राहते.’’

जयवंतचा आपल्या कानांवर विश्वास बसेना. ती राहणार! आठ महिन्यांचा भार एका दमात उतरला. दमणगंगा, चिंच, धुकं, सगळं त्याला एकदम प्रिय वाटू लागलं. तो रस्त्याच्या मधोमध उभा राहून आकाशाकडे बघून हसू लागला. ते हसणं चांगलं दोन मिनिटं चाललं असावं, कारण भानावर आला तेव्हा समोर गाडी नव्हती.

गेले चार दिवस एका दिसणाऱ्या आणि एका न दिसणाऱ्या माणसाचा हिशेब ठेवून सगळ्यांची डोकी बधिर झाली होती. दिघे येणार नाहीत म्हटल्यावर सामंतांनी सातातला एक कमी केला. वहिनी पुढे बसल्या, त्यांनी दार लावलं, म्हणजे पेडणेकर मंडळी आली, असं धरून दत्तात्रयने आणखी एक कमी केला. शैलजा पदराने डोळे पुसत होती, नवरा मागे चढला असेल असं धरून. रमणभाई कधीचा निघायच्या घाईत होता.

‘‘थांबा! मी येतो! येतो!’’ असं ओरडत जयवंत धुक्यातून धावत सुटला. धोतर एका हातात, दुसरा हात वर. गाडीच्या मागच्या काचेतून मधुकरला फक्त तो वरचा हात दिसला.

‘‘सामंतसाहेब,’’ तो कापऱ्या आवाजात म्हणाला, ‘‘मागे कुणीतरी धावतंय. येतो येतो म्हणतंय.’’

सामंतांनी मान वळवली नाही. ‘‘बघू नकोस,’’ ते म्हणाले. ‘‘रमणभाई, जरा जोरात घ्या.’’