फक्त पाव आटा

सुतारांनी ठरवलं काय, तर तोंडातला स्क्रू घरीच जरासा घट्ट करायचा. (तोंडात स्क्रू कुठून आला म्हणाल, तर पडलेल्या दाढेच्या जागी डॉक्टरीणबाईंनी हाडात इम्प्लांट बसवला होता. त्यावर स्क्रूची चिमुकली टोपी. हाडानं इम्प्लांट धरला की वर नवी दाढ.)

पण सकाळी जीभ लागली आणि टोपी हलली! इम्प्लांटच सुटला असला, तर पुन्हा भूल, पुन्हा टाके, पुन्हा ते मिळमिळीत पातळ खाणं. छे!

"डॉक्टरांकडे चला," बायको म्हणाली.

"अगं, उभा जन्म स्क्रू पिळण्यात गेला माझा. फक्त पाव आटा!"

"तोंड आहे ते, खुर्ची नव्हे!"

पण ऐकतील ते सुतार कसले! सगळ्यात बारका स्क्रू ड्रायव्हर त्यांनी पाण्यात उकळला (एवढी अक्कल होती), बायकोच्या हाती टॉर्च दिला आणि आरशासमोर आ वासला. आरशात सगळंच उलटं. पिळायला गेले आणि टोपी सुटून टणकन बेसिनमध्ये! वर स्क्रू ड्रायव्हर हिरडीत.

"मेलो!"

"मेलेली माणसं एवढी बोंबलत नाहीत. चला मुकाट्यानं."

दवाखान्यात डॉक्टरीणबाईंनी एक्स-रे काढला, इम्प्लांटवर हळूच टकटक केलं. सुतारांनी खुर्चीचे हात गच्च धरले होते.

"हाडात पक्का आहे," बाई म्हणाल्या. "टोपी सैल होतेच कधीकधी. लगेच आलात तर दोन मिनिटांचं काम. आत घाण जाऊन पू झाला असता, तर मात्र काढावा लागला असता."

सुतारांना इतका आनंद झाला, की डोळ्यांत पाणीच आलं. बाईंनी जखम औषधानं धुतली, एका चिमुकल्या किल्लीनं नवी टोपी पिळून बसवली आणि तोंडात कापूस कोंबला.

"आता अजिबात बोलू नका. बरं झालं आलात. हे मागचं कपाट तुम्हीच केलंत ना? दार लोंबायला लागलं होतं. म्हटलं, तुम्हाला कशाला त्रास? दातांच्या ह्याच किल्लीनं मीच बिजागरी पिळली. आता दार उघडतच नाही!"

सुतार कापसातून "अं! अं!" करत ताडकन उठले.

"अरेरे, दुखतंय का? भूल देऊ?"

"द्या हो," बायको म्हणाली, "जरा जास्तच द्या."