सद्वर्तनात नापास

कडा गावच्या मामांना बोलवायचं नाही, एवढंच मी ठरवलं होतं. त्यातून पुढे जे रामायण घडलं त्याला मामा जबाबदार नाहीत आणि मीही नाही. (आमची सौभाग्यवती म्हणते, दोघंही आहेत.)

झालं असं, की मी बीडच्या कचेरीत नकलनवीस. म्हणजे दुसऱ्यानं लिहिलेल्या कागदाची हुबेहूब नक्कल करायची, त्यात चूक असेल तर चुकीसकट. काम माझ्या प्रकृतीला मानवणारं होतं. निजामाच्या राज्यात मी अशाच नकला करत म्हातारा झालो असतो आणि कुणाला पत्ताही लागला नसता. पण आमच्या कचेरीवर एक नवे साहेब आले आणि त्यांनी फर्मान काढलं, की ज्याच्यापाशी हायस्कुलाचा दाखला असेल त्याला साहेबांपुढे कागद मांडणाऱ्या पेशकाराच्या हाताखाली बढती आणि नसेल त्याची बदली वरंगळकडे.

वरंगळ म्हणजे सगळा तेलुगू मुलूख. मी घरी येऊन ही बातमी सांगितली तेव्हा ही भाकरी थापत होती. तिचा हात परातीतच थांबला.

"तिकडं शेजारनीला मीठ कसं मागायचं वो?" ती म्हणाली. "आन् भांडायचं कसं?"

दुसरा प्रश्न जास्त गंभीर होता. पण खरी अडचण निराळीच होती. हिची आई उमापूरला अंथरुणाला खिळलेली, आणि हिला दर महिन्याला तिकडे जावंच लागे. म्हणजे वरंगळला मी एकटा जाणार आणि ही मागे राहणार. हिच्याशिवाय राहायचं, हा नुसता विचारही मला सोसवेना. (हिच्याशिवाय मला माझं धोतरही सापडत नाही, ही गोष्ट वेगळी.)

म्हणून ऐन तिशीत, मिशीला पीळ देण्याच्या वयात, मी शाळेत नाव घातलं. गावाच्या वेशीबाहेर मिशनच्या पाद्र्यांचं हायस्कूल होतं. सकाळी शाळा आणि दुपारी कचेरी, असा माझा दिनक्रम सुरू झाला. मी शेवटच्या वर्गातल्या शेवटच्या बाकावर बसायचो. वर्गातली पोरं मला 'काका' म्हणायची. इंग्रजीच्या तासाला काका पोरांकडे बघून लिहीत आणि गणिताच्या तासाला पोरं काकांकडे बघून लिहीत, असा आमचा सलोखा होता.

शाळेचे मुख्य होते फादर बेनेदिक्त. इटलीकडचे, उंचनिंच, तांबूस दाढीचे आणि निळ्याघाऱ्या डोळ्यांचे. मराठी ते पोथ्यांवरून शिकले होते. कुणी पोरगं वर्गात डुलक्या घेऊ लागलं तर ते म्हणायचे, "बालका, निद्रेचा त्याग कर." बालक दचकून जागं व्हायचं, कारण कीर्तन सुरू झालं असंच त्याला वाटायचं.

अभ्यास भलताच होता. इंग्रजी, गणित, उर्दू, इतिहास, भूगोल, वर आणखी कवायत आणि चित्रकला. (मी काढलेली घागर पाहून फादर म्हणाले, "कुक्कुट उत्तम साधला आहे.") ख्रिस्ती पोरांना धर्मपाठ असायचा, तेव्हा आम्हा बाकीच्यांना नीतिपाठ. हे सगळं मी रेटलं. पण सगळ्यांच्या शेवटी एक विषय होता, सद्वर्तन. फादरांचा नियम असा, की बाकी सगळ्या विषयांत पहिला आलात तरी सद्वर्तनात पास झाल्याशिवाय दाखला मिळायचा नाही. आणि त्याचे गुण द्यायचे घरानं. घरातलं वडीलधारं माणूस फादरांसमोर येऊन बसणार, फादर त्याला प्रश्न विचारणार आणि त्यावरून निकाल.

"आपले पालक कोण?" फादरांनी मला विचारलं.

आमचे वडील वारलेले. वडीलधारे म्हणावेत असे उरले ते फक्त कड्याचे मामा. आता मामा माणूस देवासारखा, पण देव नैवेद्याचा वास घेऊन परत जातो, मामा जात नाहीत. मागल्या खेपेला ते आमरसाला म्हणून आले ते दसऱ्याचं सोनं वाटून गेले. त्यांना नुसतं 'या' म्हणायचीही मला भीती वाटत होती.

"माझी पत्नी," मी म्हणालो.

फादरांनी चष्मा कपाळावर चढवला. "पत्नी? पालक?"

"फादर, मला पाळायचं काम तीच करते," मी म्हणालो, आणि यात काडीचं खोटं नव्हतं.

घरी येऊन हिला सांगितलं तर ती घाबरली. "आगं बया! मी त्या गोऱ्या बाबापुढं? काय इचारनार त्यो?"

"मी कसा आहे ते विचारणार. तू आपलं खरं ते सांग."

(नवऱ्यानं बायकोला दुसरं काहीही सांगावं, पण 'खरं ते सांग' असं कधी सांगू नये.)

लेखी परीक्षा झाल्या, निकाल लागला, मी सगळ्या विषयांत पास! आता फक्त सद्वर्तन उरलं होतं. ही ठेवणीतलं लुगडं नेसून, डोळ्यांत ताजं काजळ घालून, डोक्यावरून पदर ओढून माझ्या मागोमाग फादरांच्या खोलीत आली. वर्गातली पोरं काकांचा निकाल ऐकायला खिडकीच्या गजांना लोंबकळत होती. फादर उभे राहिले आणि म्हणाले, "यावे बाई, आसनस्थ व्हावे."

हिनं मान वर करून त्यांच्याकडे पाहिलं, आणि तिची मूठ पदरावर घट्ट आवळली. मला वाटलं, लाजली बिचारी.

"आपले यजमान प्रातःकाळी केव्हा उठतात?"

"उटत्यात कुटं?" ही म्हणाली. "उटवावं लागतंय. कोंबडा उटतो, गल्ली उटती, म्हस उटती. ह्ये न्हाई उटत."

मला वाटलं, गंमत करते आहे. फादरांनी काहीतरी लिहिलं.

"गृहकृत्यात साहाय्य करतात काय?"

"एकदा दुदाकडं बगा म्हनलं. बगितलं. उतू गेलं त्ये बी बगितलं."

"असत्य भाषण करतात काय?"

"त्याला अक्कल लागती, फादर."

मी खोकलो, घसा खाकरला, पायानं तिच्या जोडव्याला धक्का दिला. हिचं माझ्याकडे लक्षच नव्हतं. ती फादरांच्या डोळ्यांकडे एकटक बघत होती आणि तोंडाचा पट्टा चालू होता. आता तर ती न विचारताही सांगू लागली.

"खानं म्हनाल तर बकासुराचं. काम म्हनाल तर न्हाईच. बाजारात पाटवलं तर वांगी आनायची इसरत्यात आन् पिशवी बी इसरून येत्यात. दिसायला बी बगा की, आसं काळंबेंद्रं."

"परंतु यांचे नाव तर सुंदरराव आहे," फादर गोंधळून म्हणाले.

"आईबापानं ठिवलंय. दिवा लावायच्या आदी ठिवलं आसंल."

खिडकीत पोरं हसून खाली पडली. फादरांनी दौतीत टाक बुडवला आणि जड मनानं लिहिलं, 'सद्वर्तन : अनुत्तीर्ण'. माझ्या डोळ्यांपुढे वरंगळचं स्टेशन उभं राहिलं.

हिला हाताला धरून मी बाहेर लिंबाखाली आणलं. "काय केलंस गं हे? आता तू उमापुरात आणि मी वरंगळात! दाखला बुडाला, बढती बुडाली! माझ्यावर एवढा कशाचा राग काढलास?"

तिच्या डोळ्यांत पाणी आलं. "राग? आवो, त्या बाबाचे डोळे बगितले का तुमी? निळे, घारे, मांजरावानी! आसल्या डोळ्यापुढं तुमचं कवतिक करू? दिष्ट लागून उद्या आंथरून धराल! आमच्या उमापुरात गोऱ्यागोमट्या लेकराला बी परक्यापुढं काळं माकड म्हनत्यात. मी तर तुमाला किती वंगाळ बोलले. म्हंजी लई जपलं तुमाला!"

आता हिच्यावर रागवायचं तरी कसं? मला एकदम भरून आलं. माझ्यासारख्या माणसाला दृष्ट लागेल असं जगात कुणाला तरी वाटत होतं! पण भरून येऊन दाखला मिळत नाही. मी तिला पुन्हा आत नेलं आणि फादरांना हा सगळा प्रकार समजावून सांगितला.

फादरांनी मान हलवली. "सुंदरराव, अनुत्तीर्ण झालेला प्रत्येक विद्यार्थी मला एखादी रूढी सांगतो. कालच एकाने सांगितले, की त्याच्या कुळात भूगोल वर्ज्य आहे."

"अगं, एकदा तरी माझं काही चांगलं सांग!" मी हिच्यापुढे हात जोडले.

"मेले तरी न्हाई सांगनार," ती म्हणाली आणि तिनं पदरात तोंड लपवलं. तिचा हुंदका ऐकून फादर कळवळले. माणूस मोठा मायाळू. तिला धीर द्यावा म्हणून ते म्हणाले, "बाई, शोक करू नये. यजमानांचे गुणही आहेत. गणितात ते वर्गात प्रथम आले. अक्षर तर मोत्यासारखे. आणि प्रकृतीही किती सुदृढ..."

"आगं बाई गं!" करून ही ताडकन उठली. डोळ्यातलं काजळ बोटावर घेतलं आणि माझ्या गालावर रुपयाएवढी तीट लावली. माझ्या तोंडावरून हात उतरवून स्वतःच्या कानशिलावर कडाकडा बोटं मोडली. एवढ्यानं भागलं नाही म्हणून "थू थू थू" करत फादरांच्या आणि माझ्या मधे पदर पसरून उभी राहिली. मिशा पिळदार, डोक्याला पागोटं आणि गालावर तीट, असा मी तिच्यामागे उभा. खिडकीतली पोरं आता हसायचीही विसरली.

 फादर चष्मा काढून पुसू लागले.

"मी दहा वर्षांचा असताना," ते हळूच म्हणाले, "माता मला मठात घेऊन गेली. तेथील गुरूंपुढे ती म्हणाली, हा मुलगा अगदी मूर्ख आहे, कुरूप आहे, याच्या हातून काही होणार नाही. मी ते कधी विसरलो नाही. तिच्यावर मी आजवर रुष्ट होतो." त्यांनी हिच्याकडे पाहिलं. "बाई, त्या गुरूंचे नेत्र निळे होते. आमच्या गावीही दृष्ट लागते."

हिला काय कळायचं ते कळलं. ती पदराआडून म्हणाली, "माऊली शानी व्हती तुमची."

फादरांचे डोळे भरून आले आणि खरं सांगतो, माझेही. त्यांनी टाक उचलला, 'अनुत्तीर्ण'वर काट मारली, आणि लिहिता लिहिता सहज विचारलं, "तर मग बाई, आपण सांगितले ते सारे असत्य होते तर?"

"खोटं कावून बोलू?" ही म्हणाली. "देवाच्या घरात बसून?"

टाक जागच्या जागी थांबला. मी डोळे मिटून घेतले आणि मनातल्या मनात तेलुगू शिकायला सुरुवात केली.

"समदं खरं हाय," ही म्हणाली. "पर ह्येंच्यापाशी मला कशाचं भ्या वाटत न्हाई. त्ये तुमी इचारलंच न्हाई."

फादर मोठ्यानं हसले आणि त्यांनी लिहून टाकलं, 'उत्तीर्ण'.

दाखला छातीशी धरून मी घरी आलो. पण हिच्या जिवाला चैन नव्हतं. घाऱ्या डोळ्यांच्या माणसानं तोंडभर कौतुक केलेलं, वर खिडकीभर पोरांनी बघितलेलं. तिनं मला पाटावर बसवलं, मीठ-मोहऱ्या आणि मूठभर लाल मिरच्या घेऊन माझ्यावरून उतरवल्या आणि चुलीत टाकल्या. आता दृष्टीचा हिशेब सगळ्यांना ठाऊक आहे. दृष्ट लागलेली असली की मिरच्यांचा खाट, म्हणजे झोंबणारा धूर, उठत नाही. जेवढी जबरदस्त दृष्ट, तेवढा ठसका कमी. गणितात पहिला, पेशकाराच्या हाताखाली चढू घातलेला, गोऱ्या फादरांनी वाखाणलेला मी, छाती काढून पाटावर बसलो. ठसका लागण्याची आज काही सोयच नव्हती.

मिरच्या तडतडल्या आणि असा खाट उठला, की मी खोकत खोकत पाटावरून खाली आलो. ही खोकायला लागली. रस्त्यानं जाणारा टांगेवाला खोकला, त्याचा घोडा शिंकला. तेवढ्यात भिंतीपलीकडून शेजारणीचा ठसका ऐकू आला आणि पाठोपाठ तिची हाक.

"सत्यभामे! कुनाची गं दिष्ट काडायलीस?"

"आमच्या ह्येंची!" ही डोळे पुसत ओरडली.

"मंग बंद कर गं बाई," शेजारीण म्हणाली, "त्येस्नी कुनाची लागती!"