टाइट हवा

कापसाची ती वाईट वर्षं होती. आमचा जिनिंगचा कारखाना बंद पडला आणि तिथला हिशेबनीस, म्हणजे मी, घरी बसलो. (त्या कामात मी तरबेज आहे.) अशात रत्नप्रभेला, म्हणजे आमच्या सौ.ना, दारव्ह्याच्या एका शाळेतून मुलाखतीचं बोलावणं आलं.

"एसटीनं कायले? स्कूटरवर नेतो तुले," मी ऐटीत म्हणालो.

टायरमध्ये हवा टाइट असली की गाडी पेट्रोल कमी पिते, असं मी कुठंसं वाचलं होतं. निघताना इकबालभाईच्या पंक्चरच्या दुकानावर थांबलो.

"बस ना, भाऊ?"

"अजून!"

"फुटून जाईल ना!"

"थोडी अजून!"

आणि होणाऱ्या बचतीच्या भरवशावर पेट्रोल जेमतेम टाकलं.

पहिल्याच खड्ड्यात स्कूटर बेडकासारखी उडाली. यवतमाळ सुटेपर्यंत रस्त्यातला खडा न् खडा माझ्या मणक्याच्या ओळखीचा झाला.

"अहो, दात खिळखिळे झाले माह्ये! मुलाखतीत बोलू कशी?"

"पण अ‍ॅव्हरेज पाह्य ना!"

"मी अ‍ॅव्हरेजवर नाही, सीटवर बसून राह्यली!"

शेवटी थांबून काडीनं हवा सोडली. (किती सोडायची, ते वाचलं नव्हतं.) आता गादीवर बसल्यासारखं वाटू लागलं, पण स्कूटर चिखलातल्या म्हशीसारखी कण्हत, डुलत चालली. मूठ पूर्ण पिळली तरी सायकलवाले पुढं जात होते. बोरीच्या पुढं इंजिन खोकलं आणि गप्प झालं.

"पेट्रोल संपलं?"

"संपलं असं नाही... दिसून नाही राह्यलं."

ती चिडली असती तर बरं झालं असतं. ती हळूच म्हणाली, "या नोकरीवरच आहे हो आता सारं."

मी सरळ रस्त्याच्या मधोमध जाऊन दोन्ही हात पसरले. गच्च भरलेली जीप करकचून थांबली.

"मरतं का बे? जागा नाही!" ड्रायव्हर ओरडला.

आतून एका म्हातारीनं आपली टोपली मांडीवर घेतली. "ये वो बाई, सरकायले काय लागते?"

रत्नप्रभा गेली. मी घामानं निथळत, स्कूटर ढकलत शाळेच्या फाटकाशी पोचलो, तेव्हा ती हसतच बाहेर येत होती.

"सोमवारपासून या म्हणाल्या!"

मला उडी मारावीशी वाटली. पायांनी साफ नकार दिला.

"काय काय विचारलं?"

"सारं बराबर सांगतलं मी. शेवटी मोठ्या मॅडम म्हणे, घरी लहान लेकरू आहे का?"

"मग?"

"म्हटलं, एकच आहे. मागून स्कूटर ढकलत येऊन राह्यलं."