उकंडरावांचा ट्रॅक्टर पोळ्याला जातो

"चढ कोनताबी दाखवा! आपला ट्रॅक्टर नाई चढला तं मी नावाचा उकंडराव नाई!"

हे वाक्य उकंडराव उन्हाळ्यापासून रोज एकदा तरी म्हणत होते. चहाच्या टपरीवर म्हणत, न्हाव्याच्या खुर्चीत बसून म्हणत, आणि एकदा तर मयतीला जाऊन आल्यावर हातपाय धुता धुताही म्हणाले होते. शेलूबाजारकडून आत वळलं की डोंगराच्या उतारावर त्यांची संत्र्याची बाग. थोरल्या बैलाने हिवाळ्यात म्हातारपणाने अंग टाकलं आणि धाकटा त्याच्या मागोमाग गेला. मग दोन झाडांच्या मधून नीट निघेल असा बुटका, लालभडक मिनी ट्रॅक्टर घरी आला. तो देताना दुकानदाराने अंगणात अर्धा दिवस शिकवणी घेतली होती. उकंडराव त्या अर्ध्या दिवसात प्रोफेसर होऊन परतले!

"चढावर सरळ चढायचं, सरळच उतरायचं. आडवं गेलं की ट्रॅक्टर कलंडते. गिअर पहिला टाकायचा, अन् मधात कलचवर पाय ठिवायचा नाई. अन् मडगार्डवर कोनी बसायचं नाई, मंग तो जावई असो का सरपंच!"

इंधनावर तर त्यांचं वेगळं व्याख्यान होतं, आणि ते बायकोला, म्हणजे सरिताला, तोंडपाठ झालं होतं. "दुकानदार मले पेट्रोलवरचं यंत्र दाखवून राह्यला होता. मी म्हटलं, बाप्पा, पेट्रोल महागाचं, साफ, धूर नाई, मान्य हाय. पन रोजच्या राबन्याले डिझेलच पायजे. जोर धरते अन् पितेबी कमी."

बोलण्यात काडीची चूक नव्हती. आणि हे नीट ध्यानात ठेवा, कारण पुढे जे झालं त्यात उकंडरावांचं ज्ञान कुठेच कमी पडलं नाही. ते जरा जास्तच पसरलं, एवढंच.

पोळा जवळ आला आणि घरात एक काळजी शिरली. गावचा पोळा टेकडीवरच्या मारुतीपुढे भरतो. सगळ्या जोड्या रांगेत लागल्या की समोर बांधलेलं आंब्याच्या पानांचं तोरण तोडतात आणि पोळा फुटतो. तिथल्या रांगेत शिंगांना मखर बांधलेल्या मानाच्या जोडीला लागून पहिली जागा उकंडरावांच्या घराची. वडील होते तेव्हापासूनची. वडील गेले तरी त्यांची माय, मनकर्णाबाई, दर पोळ्याला मारुतीच्या ओट्यावर जाऊन बसायची आणि त्या जागेवर उभी राहिलेली आपली जोडी डोळे भरून पाहायची. वर्षभरात म्हातारीने हट्टाने मागितलेलं असं हे एकच. आणि यंदा गोठा रिकामा!

रांग लावायचं काम जगदेवभाऊंकडे. मानाची जोडीही त्यांचीच. त्यांनी पानाची पिंक टाकून सांगितलं, "जागा जोडीची असते, उकंडराव. जोडी नाई तं जागा मांगच्याले. माह्या पुतन्यानं नवी खिल्लारी आनली हाय."

"जोडी नाई, पन ट्रॅक्टर हाय नं! शेती तोच करून राह्यला आता. मंग पोळा त्याचा नाई का?"

लोकांना हे पटलं. जगदेवभाऊंना पटलं नाही, पण लोकांसमोर नाही म्हणता येईना. "आना मंग," ते म्हणाले. "पन तोरन तुटायच्या आधी तो त्या जागेवर उभा दिसला पायजे. नाई दिसला तं पुढच्या सालापासून ती जागा पुतन्याची."

"कबूल! चढ कोनताबी दाखवा!..." पुढचं तुम्हाला माहीत आहे.

पोळ्याच्या आदल्या दिवशी आपल्याकडे बैलांची खांदशेकणी असते. वर्षभर जू ओढून दुखावलेल्या खांद्यांना हळद आणि तूप चोळायचं आणि उद्या जेवायला या म्हणून हात जोडून आवतण द्यायचं. संध्याकाळी मनकर्णाबाई तुपाची वाटी घेऊन ट्रॅक्टरभोवती फिरू लागली. एकदा फिरली, दोनदा फिरली, आणि थांबली.

"उकंड्या, याले खांदा कुठं हाय रे?"

"ट्रॅक्टरले खांदा नसते, माय."

"मंग जोर कुठून लावते थो?"

आता असा प्रश्न प्रोफेसरला विचारायचा असतो का? उकंडराव खळ्यातून ओरडले, "सारा खेळ पायाखालच्या पायडलात हाय, माय! चालनंबी तिथूनच, थांबनंबी तिथूनच!" आणि आंब्याची पानं तोडायला निघून गेले.

म्हातारीने पदर खोचला. ब्रेक, क्लच, जे जे पायाखाली दिसलं त्याला तिने गावरान तूप आणि हळद अशी मायेने चोळली, की बैल असता तर डोळे मिटून उभा राहिला असता. मग हात जोडून बॉनेटला म्हणाली, "आज आवतन घ्या, उद्या जेवायले या."

हे आवतण सरिताने ऐकलं आणि तिच्या मनात आलं, याला उद्या जेवायला द्यायचं तरी काय? बैलांना सणाला गोडधोड करतात. यानेही बागेत उन्हातान्हात राबराब राबायचं आणि सणाच्या दिवशीही रोजचंच काळं डिझेल प्यायचं? नवऱ्याचं व्याख्यान तिला आठवलं. पेट्रोल महागाचं, साफ, धूर नाही. शिवाय तिची स्कूटी पेट्रोलवरच चालत होती आणि कधी कुरकुरली नव्हती. पोळ्याच्या सकाळी तिने किराणा दुकानासमोर मांडून ठेवलेल्या पेट्रोलच्या बाटल्या आणल्या आणि एकेक करून ट्रॅक्टरच्या तळाला गेलेल्या टाकीत रिकाम्या केल्या. वरून झाकणाला कुंकूही लावलं. नवऱ्याला सांगितलं नाही. सणाचा पाहुणचार काय सांगून करतात?

दुपार कलली. ट्रॅक्टर नवरदेवासारखा सजला. बॉनेटवर जुन्या बैलाची झूल, दिव्यांना बेगड, समोर बाशिंग, आरशांना घुंगरमाळा! उकंडरावांनी पांढरं धोतर नेसलं, नवी चामडी चप्पल घातली आणि सीटवर बसले. क्लच दाबताना पाय जरा सुळसुळला. नव्या चपलेचा गुण, ते मनाशी म्हणाले.

म्हातारी म्हणाली, "मले बसव नं मडगार्डवर. ओट्यापर्यंत नेऊन सोड."

"नाई माय! नियम म्हंजे नियम!"

म्हातारी सरिताच्या स्कूटीवरून पुढे गेली आणि ओट्यावर जाऊन बसली. जगदेवभाऊ आपली मखरवाली जोडी घेऊन आधीच वर पोचले होते. वर जायची वाट एकच, दोन्ही बाजूंना काटेरी तारेचं कुंपण, आणि रुंदी कशीबशी एका गाडीची. मानाप्रमाणे दुसरा नंबर उकंडरावांचा. त्यांच्या मागे सबंध गावाच्या जोड्या, वाजंत्री, आणि अगदी पाठीशी ती पुतण्याची खिल्लारी.

उकंडरावांनी पहिला गिअर टाकला. ट्रॅक्टर सरळ चढू लागला. काय ती ऐट! नळीत उरलेलं डिझेल होतं तोवर काम झकास चाललं. अर्ध्या चढावर इंजिन खाकरलं. मग त्याच्या पोटातून टकटक आवाज येऊ लागला. मग त्याला उचकी लागली. आणि मग ते असं गप्प झालं की मागचे वाजंत्रीवालेही आपोआप थांबले.

"काही नाई, काही नाई!" असं म्हणत उकंडरावांनी पुन्हा चालू करायला गिअर काढला आणि ब्रेकवर पाय दिला. पाय ब्रेकवरून सटकून थेट बाहेर आला! पुन्हा दिला. पुन्हा बाहेर! ट्रॅक्टर हळूहळू मागे सरकू लागला.

"मांगं सरका! मांगं सरका!"

"अरे, माह्ये बैल! माह्ये नवे बैल!" पुतण्या ओरडला. खिल्लारी फुरफुरली, ढोलवाल्याने ढोलासकट तारेच्या कुंपणात उडी घेतली, आणि सबंध पोळा उलट्या पावली गावाकडे निघाला. पण उकंडराव खरंच शिकलेले होते. त्यांनी चाक तसूभर आडवं होऊ दिलं नाही आणि दोन्ही हातांनी हँडब्रेक ओढला. ट्रॅक्टर थांबला. हँडब्रेकला तूप चोळायचं म्हातारीच्या ध्यानात आलं नव्हतं, हे गावाचं नशीब. लोकांनी धावत येऊन मागच्या चाकांना दगड लावले.

जगदेवभाऊ वरून खाली आले. त्यांनी टाकीचं झाकण उघडून नाक लावलं. मग वाकून पायडलला बोट लावलं आणि ते बोटही हुंगलं.

"उकंडराव, टाकीत पेट्रोल हाय. अन् हे... हे तं गावरान तूप हाय!"

"पेट्रोल? कोनं टाकलं?"

"म्या टाकलं!" वरून सरिताने अभिमानाने हात वर केला. "तुमीच म्हनत होते नं, महागाचं हाय, साफ हाय म्हनून! सन हाय नं त्याचा!"

"अन् तूप म्या लावलं!" ओट्यावरून म्हातारी ओरडली. "घरचं हाय! भेसळ नाई!"

उकंडरावांनी कपाळाला हात लावला. कोणावर रागवायचं? दोघींनी जे केलं ते त्यांच्याच तोंडच्या ज्ञानावरून केलं होतं. "टाकी पुरी रिकामी करा लागन," ते बारीक आवाजात म्हणाले. "डिझेल आना लागन. नळ्यातली हवा काढा लागन."

"तवलोक दिवस बुडन," जगदेवभाऊ म्हणाले, आणि मिशीला हात लावला. "गेली जागा, उकंडराव."

ट्रॅक्टरचं हसू झालं त्याचं उकंडरावांना एवढं काही वाटलं नाही. त्यांनी ओट्याकडे पाहिलं. म्हातारी उन्हाला हात आडवा धरून त्या रिकाम्या जागेकडे बघत होती, आणि ते बघवत नव्हतं.

पण जगदेवभाऊंच्या लक्षात एक गोष्ट उशिरा आली. वर त्यांची एकच जोडी होती. बाकीचा गाव ट्रॅक्टरच्या मागे तुंबला होता, आणि त्यात पुतण्याही होता! एका जोडीवर काय पोळा फुटतो? आणि दिवस बुडायच्या आत तोरण तुटायलाच हवं होतं.

"दोन जोड्या जुपा अन् वढा याले वर!" ते गरजले.

"जुपा?" मनकर्णाबाई ओट्यावरून उठूनच उभी राहिली. "जगदेवा, आज पोळा हाय! आज बैलाच्या खांद्यावर जू ठिवतं तू? साऱ्या सालात एक दिवस भेटते त्या जिवायले!"

जगदेवभाऊंनी जीभ चावली. बैल रवंथ करत उभे. आजच्या सुट्टीची त्यांना पक्की खात्री दिसत होती.

"मंग वढन कोन?" पुतण्याने विचारलं.

"तुमाले काय खांदे नाईत?" म्हातारी म्हणाली.

शेवटी जगदेवभाऊंनी फेटा सोडला, शेजारच्या शेतातल्या अवजारांच्या खोपटाला टांगलेला मोटेचा जुना सोल, म्हणजे जाडजूड दोर, मागवला, त्याचं एक टोक ट्रॅक्टरच्या पुढच्या कडीला बांधलं आणि दुसरं स्वतःच्या खांद्यावर घेतलं. त्यांच्यामागे पुतण्या, त्याच्यामागे निम्मा गाव! आणि उकंडराव? उकंडराव सीटवर. कारण चाक सरळ धरायला माहितगार माणूस हवाच होता.

"सरळ वढा! सरळ! आडवं नका घेऊ, कलंडन!"

"तू चूप बस बे!" निम्मा गाव एका सुरात म्हणाला.

"हँडब्रेक काढला हाय! मधात थांबू नोका! मांगं दगड घेऊन चाला कोनी तरी! अन् मडगार्डवर..."

"चूप!"

वाजंत्री सुरू झाली. सजलेले बैल मागून निवांत चालत होते, घुंगरू वाजवत, आणि पुढे माणसं माना खाली घालून, घाम गाळत, फुसफुसत ओढत होती. एवढा खुशीत चाललेला पोळा बैलांनी जन्मात पाहिला नसेल. वर पोचल्यावर ट्रॅक्टर मानाच्या जोडीला लागून उभा राहिला, चाकांना दगड लागले, आणि मागोमाग गावाच्या जोड्या रांगेत आल्या. दिवस डोंगराला टेकायच्या आत तोरण तुटलं. एकच गलका झाला!

जगदेवभाऊ खांदा चोळत आले. "उभा तं हाय जागेवर," ते धापा टाकत म्हणाले. "जागा तुमची. बोललो ते बोललो." पुतण्यानेही मान हलवली. त्याच्यात बोलण्याइतका दम उरलाच नव्हता.

मनकर्णाबाई ओट्यावर बसून पाहत होती. जुनी झूल त्या जुन्याच जागेवर होती. तिने पदराने डोळे पुसले आणि सुनेला म्हणाली, "माह्या डोयाचं पारनं फिटलं, पोरी." उकंडरावांना हे ऐकू गेलं आणि त्यांनाही भरून आलं. आपलं ज्ञान आज वाया गेलं नाही, असंही त्यांना वाटलं. आता काय म्हणावं!

उतारावर बंद ट्रॅक्टर न्यायचा नाही, हा नियम. म्हणून त्यांनी तो तिथेच ठेवला, टाकीतलं पेट्रोल डब्यात काढून घेतलं, पायडलं राखेने घासून कोरडी केली, आणि भुकेने कासावीस होऊन घरी आले. अंगणात जगदेवभाऊ, पुतण्या आणि निम्मा गाव हात धुऊन तृप्त होऊन बाहेर पडत होता. चुलीपाशी रिकामी परात होती.

"माय, पुरनपोळी?"

"सरल्या बाप्पा," मनकर्णाबाईने ताटलीत भाकरी आणि ठेचा वाढला. "वढनाऱ्यायनं खाल्ल्या. तू तं बसून आलता."